हॅलोविनविषयीचे तुमचे मत काळानुसार बदलले का?

पायरीवरून (२६ ऑक्टोबर २०२५)

येत्या शुक्रवारी हॅलोविन आहे आणि आमच्या ओट्यावर चॉकलेटांच्या तीन मोठ्या पिशव्या येऊन पडल्या आहेत. मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात गेली, त्याला दोन वर्षे झाली. घरात सोंग घेणारे आता कोणीच उरलेले नाही, तरीही पिशव्या मीच आणल्या. याच संध्याकाळी मी एके काळी घरातले दिवे मालवून बसत असे, हे आठवले आणि हा धागा काढावासा वाटला.

आम्ही २००४ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस शहराच्या एका उपनगरात राहायला आलो. मुलांनी सोंगे घेऊन खाऊसाठी दारोदार फिरण्याच्या संध्याकाळला या भागात ‘बेगर्स नाइट’ म्हणतात आणि तिची वेळ गावची नगरपालिका जाहीर करते. ते पत्रक हाती पडले तेव्हा मी त्याचा सरळ अर्थ लावला, भिकाऱ्यांची रात्र. खात्यापित्या घरची धडधाकट मुले पिशव्या घेऊन लोकांच्या दारात उभी राहणार आणि त्यांचे आईवडील मागे थांबून कौतुकाने पाहणार, ही कल्पनाच मला सहन होईना. त्यात समोरच्या घराच्या दाराला कवटी टांगलेली होती. ज्या दाराला आपण तोरण बांधतो त्या दाराला यांना हाडे कशी टांगवतात, असे मी नवऱ्याला विचारल्याचे आठवते. पहिली चार वर्षे आम्ही त्या दोन तासांत पोर्चवरचा दिवा बंद ठेवून आणि टीव्हीचा आवाज बारीक करून मागच्या खोलीत बसलो. दिवा बंद असेल त्या घराची घंटा वाजवायची नाही, हा येथील अलिखित नियम आहे आणि मुले तो कसोशीने पाळतात.

पाचव्या वर्षी, म्हणजे २००८ मध्ये, शेजारच्या वृद्ध बाईंनी पानांचा ढीग करता करता मला सहज सांगितले की, गल्लीतली मुले आमच्या घरासमोरून जाताना पलीकडच्या पदपथावर जातात. सगळ्या घरांत उजेड असताना त्या एकाच घरात काळोख असतो, आत हालचाल मात्र जाणवते, म्हणून मुलांनी आपापसात काहीबाही ठरवून टाकले होते. त्या हसत होत्या आणि मी ओशाळले होते. भुताखेतांचा सण नको म्हणून मी दार लावून घेतले आणि गल्लीतले भुताचे घर नेमके आमचेच झाले!

त्या वर्षी दिवा लावला. मुलगीही बालवाडीत जाऊ लागली होती आणि शाळेतल्या मिरवणुकीसाठी तिला काहीतरी सोंग हवेच होते. मी तिला फुलपाखरू केले, कारण त्यात अशुभ काही नव्हते. मात्र ती घरोघर हिंडू लागली तशी माझ्या तिटकाऱ्याची जागा भीतीने घेतली. रात्री ती झोपल्यावर मी एकेक वेष्टन विजेरीच्या प्रकाशात तपासत असे. रस्त्याच्या टोकाला राहणारे एक आजीआजोबा मक्याच्या लाह्यांचे लाडू घरी वळून देत असत, ते मी दर वर्षी न चुकता केराच्या डब्यात टाकले. त्या लाडवांची खंत मला आजही वाटते.

ही भीती कधी गेली, हे मला नेमके सांगता येणार नाही. आज मी संध्याकाळी सहा वाजता खुर्ची घेऊन पायरीवर बसते आणि एरवी वर्षभर ज्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे संबंध येत नाही, ती सगळी कुटुंबे त्या दोन तासांत माझ्या दारी येऊन जातात. हा बदल समजुतीतून झाला की निव्वळ सवयीने झाला, याचा निवाडा मला करता आलेला नाही. तुमचे मत बदलले असेल, तर ते कशाने बदलले? उलट दिशेने बदलले असेल तर तेही अवश्य लिहावे.

---

उत्तरेचा वारा (२६ ऑक्टोबर)

मी एडिंबरोत राहतो. भिकेची उपमा तुम्हाला खटकली, तशीच ती मलाही खटकली असती. परंतु येथे आल्यावर माझी गाठ या प्रथेच्या जुन्या रूपाशी पडली. स्कॉटलंडमध्ये या फिरण्याला ‘गायझिंग’ म्हणतात. मूल सोंग घेऊन दारात येते, पण नुसती पिशवी पुढे करत नाही. त्याला एखादे गाणे, कविता किंवा निदान एक विनोद सादर करावा लागतो आणि मगच त्याच्या हातावर खाऊ पडतो. माझ्या दारात एका सहा वर्षांच्या मुलीने पूर्ण गंभीर चेहऱ्याने चार ओळींची कविता म्हटली आणि पाचवी ओळ आठवेना म्हणून पहिलीच ओळ पुन्हा म्हटली, त्या क्षणी माझा विरोध संपला.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गरीब लोक मृतात्म्यांच्या स्मरणदिनाच्या सुमारास दारोदार फिरत आणि मिळालेल्या ‘सोल केक’च्या बदल्यात त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करत. म्हणजे ती देवाणघेवाण होती. पहाटे दारी येऊन गाणाऱ्या वासुदेवाच्या हातावर आपण काही ठेवतो तेव्हा त्याला भीक म्हणत नाही, दान म्हणतो. ‘बेगर्स नाइट’ या नावात देणाऱ्याची बाजू तेवढी शिल्लक राहिली आणि फिरणाऱ्याने काय द्यायचे ते गळून पडले, असे मला वाटते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. भोपळा ही अमेरिकेची देणगी आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सलगमासारखे कंद कोरून त्यांत दिवा ठेवत असत. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील ग्रामजीवन संग्रहालयात अशा एका जुन्या कोरीव कंदाचा प्लास्टरमधील ठसा ठेवलेला आहे. सुरकुतलेला, दात विचकणारा तो चेहरा पाहिला की आजचा गुटगुटीत भोपळा फारच सालस वाटतो.

---

मक्याचे रान (२६ ऑक्टोबर)

आयोवा राज्यातील डी मॉइन शहरातही ‘बेगर्स नाइट’ आहे आणि तेथेही मुलांना विनोद सांगावा लागतो. १९३८ च्या सुमारास हॅलोविनच्या रात्री होणारा धुडगूस आणि मोडतोड यांना कंटाळून शहराने मुलांसाठी आदल्या दिवशीची, म्हणजे ३० ऑक्टोबरची, संध्याकाळ राखून ठेवली होती. नाव ऐकायला वाईट असले, तरी हेतू पोरांना कामाला लावण्याचा होता. आमच्या दारात येणारे विनोद अत्यंत टुकार असतात आणि दर वर्षी तेच असतात, हेही नमूद करतो.

---

तर्ककर्कश (२७ ऑक्टोबर)

लाह्यांच्या लाडवांविषयी वाचून वाईट वाटले, कारण तुमची भीती ज्या गोष्टीवर उभी होती ती जवळजवळ दंतकथा आहे. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासून पाहिल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतील विषामुळे एखादे मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही खात्रीलायक नोंद त्यांना सापडली नाही. ज्या घटनेचा दाखला सर्वजण देतात ती १९७४ मध्ये टेक्सासमध्ये घडली आणि तिच्यातला मारेकरी त्या मुलाचा स्वतःचा बाप होता. विम्याच्या पैशांसाठी त्याने पोटच्या मुलाच्या खाऊत सायनाइड हे विष घातले आणि संशय अनोळखी माणसावर जावा म्हणून हॅलोविनची रात्र निवडली. त्याला १९८४ मध्ये देहदंड झाला. दरम्यान १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जण मरण पावले. त्याचा हॅलोविनशी काही संबंध नव्हता, पण तो सण अवघ्या काही आठवड्यांवर आला होता आणि भीती तेथे जाऊन चिकटली ती कायमची.

माझे मत बदलले ते याच वाचनामुळे. परंतु ते ‘भीती नको’ असे न होता ‘भीती योग्य गोष्टीची बाळगावी’ असे झाले. १९७५ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील प्राणघातक अपघातांचा एक अभ्यास २०१९ मध्ये जामा पीडियाट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात हॅलोविनच्या संध्याकाळची तुलना एक आठवडा आधीच्या आणि एक आठवडा नंतरच्या संध्याकाळशी केली होती आणि पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता हॅलोविनला ४३ टक्क्यांनी अधिक आढळली. म्हणजे धोका खाऊच्या पिशवीत नाही, रस्ता ओलांडण्यात आहे. मी माझ्या मुलाच्या काळ्या झग्यावर पाठीमागे चकाकणारी पट्टी शिवली, तेव्हा ‘बाबा, चेटकी अशी चमकत नसते’ म्हणून त्याने दोन दिवस अबोला धरला होता.

---

सरळमार्गी (२७ ऑक्टोबर)

आपल्याकडे पितृपक्ष आहे, यांच्याकडे हॅलोविन आहे. गोष्ट एकच असल्यामुळे माझे मत कधी बदलण्याचा प्रश्नच आला नाही.

---

वसईची वाट (२७ ऑक्टोबर)

सरळमार्गी, गोष्ट एक आहे असे म्हणणे फार घाईचे होईल. मी वसईच्या कॅथलिक कुटुंबातली आहे आणि गेली पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहते. आमच्या घरी १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण होता आणि २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. त्या दिवशी आम्ही कबरस्तानात जाऊन आजीआजोबांच्या कबरी धुवून त्यांवर फुले वाहत असू आणि मेणबत्त्या लावत असू. सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी कोणी राक्षसाचे सोंग घेऊन खाऊ मागतो, हे मला अमेरिकेत आल्यावर समजले. ‘हॅलोविन’ या शब्दात ‘सर्व संतांची पूर्वसंध्या’ एवढाच अर्थ दडला आहे. आयर्लंडमधील साउइन या जुन्या ऋतुपर्वाचा त्यावर किती प्रभाव आहे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण नाव मात्र निःसंशय ख्रिस्ती आहे.

त्यामुळे माझा राग तुम्हा सर्वांच्या उलट होता. तुम्हाला हा सण परका वाटला आणि मला तो माझ्याच घरातून चोरून नेलेला वाटला. येथे काही चर्चमध्ये हॅलोविन पूर्ण वर्ज्य मानतात, तर काही चर्च वाहनतळावर गाड्यांच्या डिक्क्या सजवून त्यांतून मुलांना खाऊ वाटतात. आमच्या ओळखीतली निम्मी कुटुंबे पहिल्या मताची आहेत आणि निम्मी दुसऱ्या मताची. दोन्हीकडच्या मंडळींबरोबर जेवायला बसणे ही ऑक्टोबरमधली कसरत असते. मी स्वतः काही वर्षे मुलांना सोंग घेऊ दिले नाही. पुढे माझ्या लक्षात आले की, सोंग बंद केल्याने मुलांना २ नोव्हेंबरचे महत्त्व कळले असे मुळीच झाले नाही. त्यांना फक्त शाळेत एकटे पडल्यासारखे वाटले. आता ती ३१ तारखेला समुद्री चाचे होतात आणि २ तारखेला माझ्याबरोबर मेणबत्ती लावतात. दुसऱ्या गोष्टीसाठी कुरकूर करतात, पण येतात.

---

मोरपंखी भोपळा (२८ ऑक्टोबर)

माझ्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. त्यामुळे हा सण आमच्यासाठी अनेक वर्षे ‘मिळवलेले सगळे परत देऊन टाकण्याचा’ सण होता आणि मला त्याचा मनस्वी संताप येत असे. २०१२ मध्ये पूर्व टेनेसीतील पालकांच्या एका गटाने मोरपंखी रंगाचा भोपळा दारात ठेवण्याची पद्धत सुरू केली आणि दोन वर्षांनी ती देशभर पसरली. असा भोपळा दिसला की त्या घरी खाऊऐवजी खेळणे किंवा पेन्सिल मिळते. आमच्या रस्त्यावर असे एकच घर होते. मुलगा सर्वांत आधी तेथे धावला आणि आतल्या बाईंना म्हणाला, ‘तुमच्याकडचे मी ठेवून घेऊ शकतो.’ माझे मत त्याच पायरीवर बदलले.

---

हिशेबनीस (२८ ऑक्टोबर)

माझे मत आधी चांगले होते आणि आता वाईट झाले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने हॅलोविनवरील खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर एवढा सांगितला होता. एका संध्याकाळी वापरून फेकण्याचे पॉलिएस्टरचे कपडे आणि प्लास्टिकची कोळिष्टके यांवर हा पैसा जातो. त्यात मिसरूड फुटलेली, सोंग घेण्याचेही कष्ट न केलेली मुले रात्री नऊ वाजता उशीची खोळ पुढे करून उभी राहतात. व्हर्जिनियातील चेसापीक शहरात बारा वर्षांवरील मुलांना या फिरण्यास बंदी होती आणि कायद्यात तुरुंगवासाचीही तरतूद होती. २०१९ मध्ये त्यांनी ती शिक्षा काढून टाकली आणि वयाची मर्यादा चौदा केली. मला जुना कायदा पटतो. तुरुंग मात्र नको.

---

पायरीवरून (२८ ऑक्टोबर)

हिशेबनीस, खर्चाविषयी मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मोठ्या मुलांविषयी मात्र नाही. सोळा वर्षांचा मुलगा शुक्रवारी रात्री चॉकलेटसाठी माझ्या दारात उभा असेल, तर तो दुसरीकडे कोठे नाही याचेच मला समाधान वाटते. त्याला मी दोन जास्त देते.

---

गॅरेजमधले खोके (२९ ऑक्टोबर)

लिहावे की नाही या विचारात तीन दिवस गेले. मूळ लेखात ‘उलट दिशेने बदलले असेल तर’ असे म्हटले आहे म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीत हॅलोविनचा सर्वांत मोठा उत्साही मीच होतो. अंगणात थर्माकोलची थडगी लावायची आणि त्यांवर गमतीदार नावे लिहायची, हे माझे दर वर्षीचे काम होते. २०१७ च्या शरदात बाबा आमच्याकडे आले होते. हे काय चालले आहे म्हणून ते आधी कपाळाला आठ्या घालून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडून काळा मार्कर मागून घेतला आणि एका कोऱ्या थडग्यावर ठसठशीत देवनागरीत लिहिले, ‘मालक बाहेर गेले आहेत. निरोप शेजारी ठेवावा.’ पुढची पाच वर्षे ते थडगे आमच्या अंगणाच्या मधोमध असे आणि मराठी येणारा प्रत्येक पाहुणा तेथे थांबून हसत असे.

बाबा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेले. मला विमान मिळून घरी पोहोचेपर्यंत सर्व आटोपले होते. दिवसकार्य करून मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत आलो, तेव्हा संपूर्ण गल्ली थडग्यांनी भरलेली होती. शेजाऱ्यांनी अलीकडे सगळीकडे दिसणारा तो बारा फुटी सांगाडा उभा केला होता आणि तो नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असे. त्यांचा काहीच दोष नव्हता; आदल्या वर्षी मी स्वतः त्यांच्याशी त्यावरून पैज लावली होती. परंतु रोज सकाळी चहा करताना त्या हाडांकडे पाहून माझ्या हातापायांतले बळ जात असे. ज्याच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, त्याला हा सण केवढा निर्दय वाटू शकतो, याचा मी आधी पंधरा वर्षे एकदाही विचार केला नव्हता. माझ्या विनोदी थडग्यांसमोरून अशी किती माणसे मान खाली घालून गेली असतील, हे मला आता कळण्याचा मार्ग नाही.

गेली दोन वर्षे खोके गॅरेजमध्ये बंद आहे. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि तो विचारत नाही, हे मला अधिक लागते.

---

पायरीवरून (२९ ऑक्टोबर)

तुमचे लिहिणे वाचून मी बाहेर जाऊन आमच्याकडची सजावट पुन्हा एकदा पाहून आले. आमच्याकडे दोन भोपळे आणि एक काळे मांजर एवढेच आहे, तरीही पाहून आले. समोरच्या घरातील गृहस्थांची पत्नी ऑगस्टमध्ये गेली. यंदा त्यांच्या पोर्चवरचा दिवा बंद असला तर मी तो सण न आवडण्याचा प्रकार समजले असते.

---

वसईची वाट (२९ ऑक्टोबर)

दादा, तुम्हाला सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून आमच्याकडे कसे असते एवढेच सांगते. आमच्या दृष्टीने ही तीन दिवसांची एक साखळी आहे आणि प्रत्येकाने तिन्ही दिवस पाळावेत असे नसते. आई गेली त्या वर्षी मी ३१ तारखेला दिवा मालवून बसले आणि २ तारखेला कबरीवर तिच्या आवडीची पिवळी शेवंती ठेवली. तुमची तारीख कदाचित ३१ नसेल, २ असेल.

---

तर्ककर्कश (३० ऑक्टोबर)

मी आकडे देण्यापलीकडे सहसा काही बोलत नाही. थडग्यावरचा तो मजकूर मात्र फारच अप्रतिम आहे. तुमचे वडील मोठे मिस्किल असावेत.

---

पायरीवरून (१ नोव्हेंबर)

कालचा वृत्तांत देते. एकूण सत्तेचाळीस मुले आली. एडिंबरोकरांचे ऐकून मी प्रत्येकाकडे विनोद मागितला. लहान मुलांनी तो आनंदाने सांगितला, मधल्या वयाची लाजली आणि दोन मिसरूडवाल्यांनी मात्र एकमेकांकडे पाहून चक्क द्विपात्री प्रवेश करून दाखवला. डी मॉइनकरांना कळवण्यास खेद होतो की, विनोद येथेही टुकारच होते.

समोरचा दिवा बंद होता. आठ वाजता सर्व आटोपल्यावर मी उरलेल्या चॉकलेटांची वाटी घेऊन पलीकडे गेले. त्यांनी दार उघडले. आम्ही दहा-पंधरा मिनिटे पायरीवर बसलो आणि बहुतेक वेळ त्यांच्या नळाच्या गळतीविषयी बोललो.

---

गॅरेजमधले खोके (३ नोव्हेंबर)

३१ तारखेला मी काही केले नाही. काल दुपारी खोके खाली काढले. उन्हापावसात पाच वर्षे राहिल्याने शाई विटून तपकिरी झाली आहे आणि ‘शेजारी’ हा शब्द जवळजवळ पुसला गेला आहे. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला आणि यावर काय लिहिले आहे असे त्याने विचारले, कारण त्याला देवनागरी वाचता येत नाही. इतकी वर्षे ते अंगणात होते आणि मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. मी वाचून दाखवले, मग इंग्रजीत सांगितले. तो हसला आणि मार्कर कोठे आहे म्हणून विचारू लागला.